वाचक विचारतात : पार्कातल्या मेनूवर सगळीकडं बार्बेक्यूच का?

प्रश्न : नमस्कार ताई. वाई तालुक्यात आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे, दोन वर्षांपूर्वी पोरांसाठी पूल आणि पाण्याची घसरगुंडी केली, त्यामुळं शनिवार-रविवारी दीडशे-दोनशे माणूस येतंय. माझा भाचा ऑर्लँडोला असतो, त्यानं तिथल्या थीम पार्कांमधल्या मेनूकार्डांचे फोटो पाठवले, तर जिथं बघावं तिथं बार्बेक्यू. एका पार्कात तर थीम आफ्रिकेच्या जंगलाची, प्राण्यांची, आणि जेवायला तिथंपण बार्बेक्यूच. असं का? आणि आम्हीपण सुरू करावं का? भाचा म्हणतोय मामा कराच, मंडळी म्हणतात हुरडा आणि मटण सोडून कुठं नादाला लागताय.
– एक वाचक, वाई (जि. सातारा)

उत्तर : दादा, भाच्यानं पाठवलेलं ते जंगलाचं पार्क म्हणजे डिस्नेचं ॲनिमल किंगडम असणार, 1998 ला सुरू झालेलं, त्यात फ्लेम ट्री बार्बेक्यू आहे. त्याच डिस्ने वर्ल्डात, म्हणजे ऑर्लँडोजवळ डिस्नेची सगळी पार्कं आहेत तिथं, एपकॉट पार्कला 2020 मध्ये रीगल ईगल स्मोकहाऊस आलं, हॉलिवूड स्टुडिओज पार्कला 2023 मध्ये राउंडअप रोडिओ. म्हणजे नवीन काढायचं म्हटलं तरी परत बार्बेक्यूच काढतायत.

आता का, ते सांगते. आधी एक घोळ मिटवू. आपण हॉटेलात बार्बेक्यू म्हणून जे खातो, सळईला लावलेलं पनीर, चिकन टिक्का, ते खरं तर ग्रिल. भडक निखारा, दहा-पंधरा मिनिटांचं काम, आणि उतरवलं की लगेच खायचं. अमेरिकेतलं बार्बेक्यू याच्या अगदी उलट आहे. मांसाचा मोठा चिवट तुकडा, डुकराचा खांदा नाहीतर गायीच्या छातीचा भाग, 110-120 अंशावर लाकडाच्या धुरात रात्रभर ठेवायचा, दहा-बारा तास सहज जातात. चिवटपणा ज्यामुळं असतो ते कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं, मग सकाळी ते मांस नुसत्या बोटांनी ओढलं तरी रेषा सुटत येतात. आणि मुख्य म्हणजे ते थांबतं. झाकून गरम कपाटात ठेवलं तर दोन-तीन तास तसंच मऊ राहतं.

पार्कवाल्याला नेमकं हेच पाहिजे असतं. दुपारी एक वाजता हजारो माणसं एकदम भुकेली होतात, त्या वेळी प्रत्येकाला ताजं भाजून कोण देणार? कष्टाचं सगळं रात्री उरकलेलं असतं, दुपारी फक्त पावात भरायचं, वर सॉस, पुढचा या. शिवाय मांसाचे हे भाग मुळात स्वस्तातले. धुराचा वास लांबूनच माणसाला ओढून आणतो. टर्की नावाच्या मोठ्या पक्ष्याची स्मोक्ड तंगडी तर ताट-चमचा काहीच मागत नाही, पोरगं हातात धरून चालत चालत खातं.

आणि ते त्यांचं घरचं खाणं आहे, हेही विसरू नका. टेक्सासचं वेगळं, कॅन्सस सिटीचं गोड दाट सॉसवालं वेगळं, नॉर्थ कॅरोलायनाचं व्हिनेगरचं वेगळं, माणसं त्यावरनं भांडतात, आपल्याकडं रश्श्यावरनं भांडतात तसंच. रीगल ईगलच्या मेनूत तर एकेका गावाच्या नाहीतर राज्याच्या नावानं पदार्थ लावलेत.

आता तुमचं. मी सांगलीकडची, लहानपणी शेतात आगटीभोवती बसून हुरडा खाल्लाय, गोवऱ्यांच्या आरात कणीस भाजलं की तळहातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि चटके बसत असतानाच तोंडात टाकायचं, गार झाला की तो हुरडा राहत नाही. म्हणजे हुरडा थांबत नाही, तो थंडीत, थोड्या माणसांना, आगटीजवळ बसवूनच द्यायचा, दोनशे माणसांच्या गर्दीत त्याला घालू नका. पण तुमचं चुलीवरचं मटण? ते थांबतंच की! सकाळी चढवलेला रस्सा दुपारी जास्त मुरलेला लागतो. म्हणजे पार्कवाले ज्यासाठी बार्बेक्यू ठेवतात ते काम तुमच्या घरात वहिनी आधीपासूनच करतायत, म्हणून मला त्यांचंच बरोबर वाटतं. टिक्क्याचा काउंटर मात्र लावू नका. एका रिसॉर्टला मी तासभर ट्रेमध्ये पडलेलं ग्रिल चिकन खाल्लंय, लाकडासारखं कोरडं झालेलं, पैसे दिलेले म्हणून लोक गपचूप चावत होते, फार वाईट वाटलं.

तरी करून बघायचंच असेल तर एका रविवारी बोकडाचा अख्खा खांदा घ्या, मीठ-मसाला लावून रात्रभर मुरवा, पहाटे बाभळीच्या निखाऱ्यावर पण आचेपासून लांब, झाकणाखाली 5-6 तास. आपला बोकड चरबीला कमी, म्हणून अर्ध्या वेळेनंतर फॉइलमध्ये गुंडाळा, नाहीतर सुकणार. निलगिरीचं, रंग दिलेलं किंवा प्लायचं लाकूड अजिबात नको. धुरानं मांसाच्या कडेला गुलाबी रंग येतो, गिऱ्हाईक म्हणेल कच्चं आहे, तर ते आधीच सांगून ठेवा, आणि स्वतःच्या खात्रीसाठी थर्मामीटर घ्याच, चिकन आत 74 अंशाला गेलं पाहिजे, आणि वाढेपर्यंत कुठलंही गरम अन्न 60 च्या खाली येऊ द्यायचं नाही. यात कसूर नको, लहान पोरं जेवणार आहेत.

प्रश्न : वरच्यासारख्याच एका ठिकाणी आम्ही गेलो होतो, शाकाहारी माणसाला नुसता कोबी आणि पाव. धुरावर भाजीचं काही होत नाही का? – एक वाचक, मिरज

उत्तर : होतं की, आणि कृष्णाकाठचं वांगं असताना तर कोबी कशाला. निखाऱ्यात अख्खं भाजून, साल काढून, कच्चा कांदा, मिरची, शेंगदाण्याचं कूट घालून केलेलं भरीत दुपारपर्यंत छान राहतं, फक्त कांदा वाढायच्या वेळी घालायचा, आधी घातला तर पाणी सुटतं.