कार्यालयातली तक्रार बाहेर बोलून दाखवली म्हणून सरकारी कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते का?

तुम्ही लिहिलंय की राज्य शासनाच्या कार्यालयात लिपिक आहात. आश्वासित प्रगती योजनेचा (पदोन्नती न मिळाल्यास ठरावीक सेवेनंतर मिळणाऱ्या वरच्या वेतनाचा) पहिला लाभ दोन वर्षं अडकलाय. साहेबांना अर्ज देऊन काही हलेना, म्हणून कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मनातलं लिहिलंत. कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट वार्ताहराला दिला, बातमी छापून आली आणि पाठोपाठ तुमच्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस आली. तक्रार करणं हा गुन्हा आहे का, असं तुम्ही विचारताय.

तक्रार करणं हे गैरवर्तन नाही. पण ती कुणासमोर, कोणत्या मार्गाने आणि कोणत्या शब्दांत केली यावरून कारवाई होऊ शकते, आणि होतेही. माझी नोकरीची बहुतेक वर्षं आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक बाबी पाहणाऱ्या शाखेत गेली. असल्या नोटिशींचे मसुदे मी लिहिले आहेत आणि त्यांवरचे खुलासेही वाचले आहेत. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंचं सांगू शकतो.

नोटिशीत बहुधा महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ चा उल्लेख असेल. त्यातल्या तीन गोष्टी अशा प्रकरणात हमखास पुढे येतात: परवानगीशिवाय वृत्तपत्रांशी संपर्क, शासनाच्या धोरणावर किंवा कृतीवर जाहीर टीका, आणि सेवाविषयक बाबतीत वरिष्ठांवर बाहेरून दबाव आणणं. आमदारांचं शिफारसपत्र हे तिसऱ्याचं नेहमीचं उदाहरण. शिवाय २८ जुलै २०२५ रोजी सामान्य प्रशासन विभागाने समाजमाध्यमांच्या वापराबाबत सूचना काढल्या आहेत. त्यांतही शासनाच्या धोरणांवर टीका करू नये असं आहे आणि त्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही लागू आहेत.

आता तुमचा मजकूर घ्या. 'माझा अर्ज दोन वर्षं पडून आहे' हे शासनाच्या धोरणावरची टीका नव्हे. ती तुमच्या नस्तीची, म्हणजे फाइलची हकीकत आहे. 'अमुक साहेब पैसे घेतल्याशिवाय सही करत नाहीत' असं लिहिलं असेल तर मात्र प्रकरण वेगळं होतं, कारण पुरावा नसताना तो एका माणसावरचा जाहीर आरोप ठरतो. वार्ताहराकडे तुम्ही गेला नाहीत, हा मुद्दाही लहान नाही. वृत्तपत्राशी संपर्क साधल्याचा आरोप असेल तर तो सिद्ध करण्याची जबाबदारी कार्यालयाची.

न्यायालयांनी या नियमांना मोकळं रान दिलेलं नाही. कामेश्वर प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सरकारी नोकरीत शिरल्यामुळे माणूस मूलभूत हक्क गमावत नाही. सेवाशर्तींबाबत कोणतीही निदर्शने करायची नाहीत, ही सरसकट बंदी तिथे रद्द झाली. संप करण्याचा मूलभूत हक्क मात्र न्यायालयाने मान्य केला नाही, तेव्हाही नाही आणि तामिळनाडूतल्या कर्मचाऱ्यांच्या संपाबाबतच्या २००३ च्या निकालातही नाही. विजय शंकर पांडे या भारतीय प्रशासकीय सेवेतल्या अधिकाऱ्याने काळ्या पैशाबाबत याचिकेत भाग घेतला म्हणून सुरू झालेली कारवाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मोडीत काढली आणि त्यांना पाच लाख रुपये खर्च देवविला. न्यायालयात जाणं हे गैरवर्तन ठरू शकत नाही, हा त्याचा गाभा. त्रिपुरा उच्च न्यायालयाने २०२० मध्ये, फेसबुकवर लिहिलं आणि सभेला हजर राहिली म्हणून निवृत्तीच्या तोंडावर निलंबित केलेल्या एका कर्मचारी महिलेच्या बाजूने निकाल दिला. हे तुमच्या खुलाशात उद्धृत करण्याजोगं आहे.

गणवेशातल्यांची गोष्ट निराळी. जानेवारी २०१७ मध्ये सीमा सुरक्षा दलाच्या एका जवानाने जेवणाच्या निकृष्ट दर्जाची चित्रफीत टाकली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये तो बडतर्फ झाला. संविधानाच्या अनुच्छेद ३३ मुळे सशस्त्र दलांच्या हक्कांवर जास्त मर्यादा घालता येतात. तुमच्या प्रकरणात कुणी ते उदाहरण देऊन घाबरवत असेल तर घाबरू नका.

एक नस्ती मला अजून तशीच डोळ्यांसमोर दिसते. एका रुग्णालयातल्या परिचारिकेची. रात्रपाळीच्या विश्रांतीच्या खोलीला आतून कडी नव्हती. तिने तीन अर्ज दिले होते. तिन्हींवर आवक शिक्का होता, पहिल्यावर समासात 'पहावे', दुसऱ्यावर 'बांधकामाकडे', तिसऱ्यावर काहीच नाही. मग तिने दाराचा फोटो ग्रुपवर टाकला. कडी त्याच आठवड्यात बसली आणि तिला 'शासनाची प्रतिमा मलिन केल्याबद्दल' नोटीस निघाली. नस्ती माझ्याकडे आली तेव्हा नोटिशीच्या मसुद्यात त्या तीन अर्जांचा उल्लेखच नव्हता. मी टिपणीत तिन्ही अर्जांचे आवक क्रमांक आणि दिनांक लिहिले, बस. सक्षम प्राधिकाऱ्यांनी खुलासा मान्य करून प्रकरण नस्तीबद्ध केलं, म्हणजे तिथेच बंद केलं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. बाहेर का गेलास, असं कर्मचाऱ्याला विचारण्याआधी आतला मार्ग चालू होता का, हे कार्यालयाने तपासलं पाहिजे. हे नुसतं नैतिक म्हणणं नाही. ज्याला आपण बदल्यांचा कायदा म्हणतो त्याच २००५ च्या अधिनियमात दिरंगाईचाही भाग आहे. कलम १० प्रमाणे सर्वसाधारणपणे कोणतीही नस्ती कुणाकडेही सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये, आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय व्हावा. हेतुपुरस्सर विलंब करणाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई करता येते. म्हणजे तुमचा अर्ज दोन वर्षं दाबून ठेवणाराही शिस्तीच्या कक्षेत येतो. त्याला नोटीस निघत नाही आणि तुम्हाला निघते, याची मला खरोखर चीड येते.

त्यात सामान्य नागरिकाला ज्या खिडक्या आहेत त्या कर्मचाऱ्याला बंद. नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी अधिकारी बसतात त्या लोकशाही दिनात सेवाविषयक अर्ज घेत नाहीत. मग त्याने जायचं तरी कुठे?

तरीही सगळे निर्बंध चुकीचे आहेत असं मी म्हणणार नाही. रुग्णाचं नाव, निविदेतली माहिती, सहकाऱ्याच्या गोपनीय अहवालातला शेरा हे तक्रारीच्या ओघात बाहेर गेलं तर नुकसान तिसऱ्याच माणसाचं होतं. तुमच्या मजकुरात असलं काही असेल तर तेवढ्यापुरती दिलगिरी व्यक्त करा.

खुलासा मुदतीत द्याच. मुदत कमी पडत असेल तर लेखी वाढवून मागा, तोंडी आश्वासनावर राहू नका. सुरुवातीला अर्जांचे दिनांक आणि आवक क्रमांक लिहा, पोच असलेल्या प्रती जोडा. पोच नसेल तर माहितीच्या अधिकारात आवक नोंदवहीचा उतारा आणि तुमच्या नस्तीवरच्या टिपण्यांच्या प्रती मागवा. मजकूर कुठे लिहिला, ग्रुपमध्ये कोण आहेत, बातमीशी तुमचा संबंध काय, हे साध्या वाक्यांत मांडा. ग्रुपवरचा मजकूर पुसू नका, तुमच्या बाजूचा पुरावा तोच आहे. घाईने 'चूक झाली, माफी असावी' असं लिहून देऊ नका. मी पाहिलंय, पुढे दोषारोपपत्र निघालं की तोच कागद कबुलीजबाब म्हणून जोडला जातो.

प्रकरण पुढे गेलंच तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधल्या नियम १० ने किरकोळ शिक्षेची कार्यवाही होईल: ठपका, वेतनवाढ रोखणं असं काही. मोठ्या शिक्षेसाठीची नियम ८ ची पूर्ण चौकशी अशा कारणासाठी लावली तर ती प्रमाणाबाहेर आहे, हे अपिलात मांडता येतं. निलंबन झालं आणि तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही, तर ९ जुलै २०१९ चा शासन निर्णय दाखवा. सर्वोच्च न्यायालयाच्या अजय कुमार चौधरी निकालानंतर तो निघाला आणि त्या स्थितीत निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही.

मूळ लाभाचं भांडण वेगळं चालवा, नोटिशीत ते बुडू देऊ नका. आजच योग्य मार्गाने नवं निवेदन द्या, वरच्या प्राधिकाऱ्याला आगाऊ प्रत पाठवा आणि मान्यताप्राप्त संघटनेला लेखी कळवा. सहा महिन्यांत निर्णय झाला नाही तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे 'मॅट'मध्ये, जाता येतं, आणि त्यानंतर एक वर्षाची मुदत असते. पुन्हा पुन्हा निवेदनं दिल्याने ही मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलं आहे. तुमचं पहिलं निवेदन दोन वर्षांपूर्वीचं असेल तर हिशेब आधीच सुरू झालाय, त्यामुळे याच आठवड्यात सेवाविषयक कामं करणाऱ्या वकिलांना सगळे दिनांक दाखवा. जिल्हा परिषदेत असाल तर मात्र मॅट नाही. तिथे नियमही वेगळे आहेत, तेव्हा तुमचं कार्यालय नेमकं कोणतं ते खाली लिहा, मग पुढचं सांगतो.