भिशीचे 60,000 : नवा फ्रिज, छतावर सौर पॅनेल की सोसायटीत गहाण पडलेल्या पाटल्या?

बेळगावच्या वडगावहून एका ताईंचा प्रश्न आलाय. मालक उद्यमबागेत कारखान्यात, घरात सासूबाई आणि दोन मुलं, घर स्वतःचं. वीस जणींची महिना 3,000 ची भिशी आहे, चिठ्ठी आठव्या महिन्यात लागली आणि 60,000 रुपये हातात येणार आहेत. विजेचं बिल मार्चमध्ये 190 युनिटचं, पाचशेच्या आत आलं. एप्रिलमध्ये 204 युनिट झाले आणि बिल एकदम 1,600 च्या वर गेलं. म्हणून बारा वर्षांचा फ्रिज काढून फाइव्ह स्टारचा घ्यावा, पंखे बदलावेत, की सौर पॅनेलवाला म्हणतो तसं सबसिडी घेऊन छतावर पॅनेल बसवावं, असं त्या विचारतात. पत्राच्या शेवटी सोसायटीबद्दल, म्हणजे पतसंस्थेबद्दल, एक ओळ आहे : "सोसायटीत पाटल्या आणि मोहनमाळ ठेवून 70,000 घेतले आहेत, व्याज 13 टक्के, दरवर्षी व्याज भरून नवं करतो. तीन वर्षं झाली."

ताई, माझं सगळं लक्ष त्या शेवटच्या ओळीकडे गेलं. पण आधी विजेचं बघू, कारण तुमचा हिशेब तिथे चुकतोय आणि चूक तुमची एकटीची नाही.

गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या घरगुती विजेच्या सवलतीत, "200 युनिट फुकट" असं सगळे म्हणतात. तसं ते नाही. 2022-23 मधला तुमचा महिन्याचा सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, एवढेच युनिट फुकट. तुम्ही पाठवलेल्या बिलावर ते 118 आहेत. 118 च्या वर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे, आणि 200 ओलांडले की त्या महिन्याची सवलतच जाते, सगळं बिल भरायचं. एप्रिलमध्ये तुम्हाला महागात पडले ते शेवटचे चार युनिट. फ्रिजचा त्यात फारसा दोष नाही.

आता फ्रिज. जुना एका दाराचा फ्रिज महिन्याला पंचवीस-तीस युनिट खात असेल, नवा फाइव्ह स्टार दहा-बारा खाईल. वाचले पंधरा-सोळा युनिट, म्हणजे फार तर शंभर रुपये. तेही ज्या महिन्यात तुम्ही 118 च्या वर आहात त्याच महिन्यात. जिथे बिल शून्य आहे तिथे वाचलेल्या युनिटाची किंमतही शून्य. अठरा हजारांचा फ्रिज शंभर-शंभर रुपयांनी वसूल व्हायला पंधरा वर्षं लागतील. त्यापेक्षा दाराच्या फटीत दहाची नोट धरून दार लावा आणि ओढून बघा. नोट सहज निघून आली तर रबर गेलंय, ते बदलून घ्या. आणि दुकानदार "नो कॉस्ट ईएमआय" म्हणाला तर रोखीने घेतल्यावर किती सोडणार ते विचारा. जी सूट मिळाली नाही आणि जी प्रोसेसिंग फी लागली, तेच त्या हप्त्यांचं व्याज.

पंख्यांचं गणित पुण्या-मुंबईत बरं जमतं. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा साधारण 30 वॅटवर चालतो, जुना 75 वॅटवर. पण आपल्याकडे पंखा खऱ्या अर्थाने फेब्रुवारीअखेरपासून मिरगाचा पाऊस लागेपर्यंतच फिरतो. बेळगावच्या थंडीत आणि श्रावणात कोण पंखा लावतंय? जो पंखा बिघडेल त्याच्या जागी बीएलडीसी घ्या, चालता पंखा काढू नका.

सौर पॅनेलला केंद्राची सबसिडी खरी आहे, एका किलोवॅटला 30,000 आणि दोनला 60,000. पण वर्षातले बरेच महिने ज्याचं बिल शून्य किंवा शंभर-दोनशे येतं, त्याचं पॅनेल वाचवणार काय? दरमहा दोन-तीन हजार भरणाऱ्या घराने जरूर बसवावं. तुम्ही आत्ता नाही.

तुमच्या घरातली वीज जाते गरम पाण्यात. पाच माणसं, प्रत्येकी वीस लिटरची बादली, पाणी 22 अंशांवरून 40 पर्यंत न्यायचं, तर बादलीमागे सुमारे 0.42 युनिट लागतं. दिवसाला दोनच्या वर, महिन्याला साठ-बासष्ट युनिट. फ्रिजमधून वाचणार होते त्याच्या चौपट! गॅसवर पाणी तापवणं स्वस्त असं अनेक घरांत मानतात, पण तेवढ्याच पाण्याला नऊ किलोच्या आसपास गॅस जातो, म्हणजे अर्ध्या सिलिंडरहून जास्त. तुमच्या दराने गिझरच परवडतो. फक्त तो रात्रभर चालू ठेवू नका, आणि काटा साठ-पासष्टवर ठेवून मग त्यात गार पाणी ओतत बसू नका. पन्नासच्या खाली पुरतं.

सासूबाईंचा तांब्याचा बंब अजून परसात आहे असं लिहिलंत. तो कामाला येणार आहे. मीटर वाचायला माणूस कुठल्या तारखेला येतो ते बिलावरून कळतं. त्याच्या दहा दिवस आधी स्वतः आकडा बघा आणि मागच्या बिलातला आकडा वजा करा. 140 च्या पुढे गेला असाल तर उरलेले दिवस करवंट्या आणि झाडपाला घालून बंब पेटवा. उन्हाळ्याच्या दोन-तीन महिन्यांतच हे करावं लागेल, पण एप्रिलसारखा हजाराचा फटका त्यातून टळतो. सोलर वॉटर हीटरचा विचार भिशी फिटल्यावर करा, आणि जून ते सप्टेंबर तो नावालाच असेल हे धरून.

म्हणजे विजेत वर्षाला तुमचे हजार-दोन हजार वाचतील, तेही जवळजवळ काही न विकत घेता. आता सोसायटी.

70,000 वर 13 टक्के म्हणजे वर्षाला 9,100. तीन वर्षांत 27,300 रुपये गेले आणि मुद्दल जिथल्या तिथे. स्वतःच्याच पाटल्यांचं महिन्याला साडेसातशे रुपये भाडं भरताय असं समजा. फ्रिज, पंखे, पॅनेल सगळं मिळूनही एवढं वाचवत नाही.

पण एक सांगतो, भिशीचे 60,000 सगळे तुमचे नाहीत. तुम्ही आतापर्यंत आठ हप्ते, 24,000 भरलेत. उरलेले 36,000 बाकीच्या बायकांनी तुम्हाला दिलेलं बिनव्याजी कर्ज आहे, ते पुढचे बारा महिने फेडायचंय. बिनव्याजी पैशाने 13 टक्क्यांचं कर्ज फेडणं हा त्याचा सगळ्यात चांगला उपयोग. त्यातून फ्रिज घेतलात तर फ्रिजही जुना होणार आणि पाटल्याही आत राहणार.

माझ्या मते 50,000 सोसायटीत भरा. 6,000, म्हणजे दोन हप्ते, बँकेत बाजूला ठेवा, कारण तुम्ही हप्ता सरकारकडून मिळणाऱ्या गृहलक्ष्मी योजनेच्या महिना 2,000 मध्ये हजार घालून भरता आणि ते पैसे तारखेला येतीलच असं धरून चालता येत नाही. भिशीत हप्ता चुकला तर गल्लीत तोंड दाखवायची चोरी. उरलेले 4,000 रबर, दुरुस्ती, मुलांच्या वह्या-पुस्तकांना. कर्ज 20,000 वर आलं की व्याज वर्षाला 2,600. दरवर्षी 6,500 वाचले.

भरताना "खात्यावर जमा" एवढ्यावर समाधान मानू नका. जुनं कर्ज बंद करून पाटल्या सोडवा, आणि 20,000 साठी फक्त मोहनमाळेवर नवी पावती करा. दागिना बाहेर येताना समोर वजन करून जुन्या पावतीशी ताडून घ्या, सही त्यानंतर. मोहनमाळेचं कर्ज एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत कमी व्याजाने मिळतं का तेही विचारा, मात्र मूल्यांकनाची फी आणि इतर खर्च धरून तुलना करा.

माहेर गडहिंग्लजला आहे म्हणालात, आणि महिन्यातून एकदा थेट बसने जाता. शक्ती योजना, म्हणजे कर्नाटकात बायकांना मिळणारा फुकट बसप्रवास, राज्याबाहेर जाणाऱ्या बसला चालत नाही. संकेश्वरपर्यंत कर्नाटकाच्या साध्या बसने आधार दाखवून शून्य तिकिटावर जा आणि तिथून पुढचं तिकीट काढा. अर्धा तास जास्त जाईल. सासूबाई बरोबर असतील तर सरळ थेट बसच घ्या, गाडी बदलायला त्यांचे गुडघे साथ देणार नाहीत.

भिशीचे पैसे 5 तारखेला मिळतील आणि सोसायटीत नवं करायची तारीख 20 आहे असं लिहिलंय. या वर्षीचं व्याज भरून पावती पुन्हा फिरवून घेऊ नका. मधल्या पंधरवड्यातच जा, मालकांना बरोबर न्या आणि जुनी पावती आठवणीने घ्या.