वरच्या मावशीचे सुतक

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, "आई, वरची मावशी तर आपल्या नात्यातली नव्हती, म्हणजे आपल्याला सुतक नव्हते, मग तेरा दिवस तू घरात गोड का केले नाहीस?" तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही, कारण तिचे नाव घेतले की अजून आवाज भरून येतो. म्हणून लिहिते आहे.

तुझे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे. सुतक मुख्यतः कुळाचे असते. सात पिढ्यांच्या आतल्या भाऊबंदांना ते दहा दिवस असते, लग्न झालेल्या मुलीला आपल्या आईवडिलांचे तीन दिवस, आणि सख्ख्या मावशीचे तर जेमतेम दीड दिवस, ज्याला पंचांगात पक्षिणी म्हणतात. शेजारणीचे काहीच नसते. म्हणूनच मी देवपूजा बंद ठेवली नाही आणि सांजवातही चुकवली नाही. गोड केले नाही, ते कोणी नको म्हटले म्हणून नव्हे. साखरेच्या डब्याला हात लावायला मन होत नव्हते, एवढेच त्याचे कारण.

आता ती 'मावशी' कशी झाली ते सांगते, कारण आपल्याकडे शेजारणीला एरवी काकू म्हणतात. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, दुपारी खडकवासल्याचेही फुटले, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. जुने पुणेकर अजूनही 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशी कालगणना करतात. तुझी आजी तेव्हा नवी नवरी होती आणि सासर नारायण पेठेत होते. पाणी ओसरल्यावर घराच्या जागी मातीचा ढीग आणि वाकलेले कपाट एवढेच उरले होते. आजोबांनी शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात तळमजल्यावरची खोली कशीबशी मिळवली. अंगावरच्या चिखलाळलेल्या लुगड्यानिशी आजी त्या वाड्याच्या चौकात उभी राहिली, तेव्हा माडीवरून एक बाई उतरली, आपल्या ट्रंकेतले कोरे पातळ तिच्या हातात ठेवले आणि म्हणाली, "आधी आंघोळ कर. माहेरी आलीयेस असं समज." खडकवासला रिकामे झाल्यामुळे पुढे कित्येक दिवस गावात नळाला पाणी नव्हते. वाड्यातल्या आडाचे पाणी या दोघी एकाच दोराने आळीपाळीने शेंदत. दोघींच्या तळहातांना फोड आले होते, आणि मावशी आपल्या हाताला लावायच्या आधी आजीच्या हाताला खोबरेल लावीत असे, हे आजी मला शंभरदा तरी सांगत असेल. आजी तिला ताई म्हणू लागली. आईची ताई, म्हणून माझी मावशी; आणि राहायला माडीवर, म्हणून वरची मावशी. तू तिला आजी न म्हणता माझे ऐकून मावशीच म्हणालास, याचे तिला फार कौतुक होते.

तू आणखी एक विचारले होतेस, की आपल्या फडताळात त्या एकाच वाटीवर दुसऱ्या कोणाचे नाव का आहे. पूर्वी वाड्यात भांडी एकमेकांकडे जात-येत, म्हणून त्यांवर नाव घालून घेत. त्या वाटीच्या कडेला टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरे तिच्या यजमानांच्या नावाची आहेत. मी मेलबर्नला निघाले, त्या रात्री ती त्यातून मेतकूट घेऊन खाली आली होती. हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, तांदूळ आणि गहू ती वेगवेगळे भाजायची, एकत्र कधीच नाही. मेथी मात्र चिमूटभर, नाहीतर कडवटपणा येतो. घाईत ती वाटी मेतकुटासकट माझ्या सामानात आली. आपल्याकडे शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करत नाहीत. काही नसले तर निदान साखर घालून देतात. दर खेपेला काहीतरी भरून ती परत न्यायचे मी ठरवीत असे. एकदा तिला तसे बोललेही, तर म्हणाली, "असू दे गं. वाटी तिकडे असली म्हणजे तुझं येणं राहिलंय, एवढं मला कळतं."

या वेळी मला पोचता आले नाही. पुण्यात वैकुंठ स्मशानभूमीत तिला निरोप दिला, तेव्हा इथे रात्र झाली होती, आणि मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात बसले होते. त्या दिवशी त्यांच्या घरी चूल पेटली नाही, खालच्या घरातून पिठलेभात गेला, असे तुझ्या मामाने सांगितले. तो पिठलेभात आपल्याकडून जायला हवा होता, हे मला फार लागले. तेराव्या दिवशी मी गव्हल्यांची खीर केली, कारण ती तिच्या आवडीची होती, आणि गॅलरीच्या कठड्यावर एक घास ठेवला. येथे कावळ्याऐवजी रेव्हन येतात. एक येऊन घास घेऊन गेला.

शास्त्रात तिच्यासाठी सुतक नसले, तरी जागा आहे. महालयाच्या, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धाच्या, संकल्पात आईवडिलांच्या पिढ्या, मामा, आत्या, मावशी असे करत करत शेवटी गुरू, शिष्य आणि आप्त येतात, आणि ज्यांचे करणारे कोणी नाही त्यांच्यासाठीही धर्मपिंड असतो. मला हे आपल्या रीतींतले सर्वांत मोठ्या मनाचे वाटते. तिचे वर्षश्राद्ध तिचा मुलगा करील. ते झाले की पुढच्या पितृपक्षात सर्वपित्री अमावास्येला बाबा महालय करतील, तेव्हा आप्तांच्या जागी तिचे नाव घ्यायला मी त्यांना सांगितले आहे. तुला जमले तर त्या दिवशी घरी ये. खीर त्याच वाटीत वाढेन.

तुझी,
आई