बादलीतल्या लेट्यूसची मुळं का सडतात?

प्रश्न: घरात मातीविना, 20 लिटरच्या पांढऱ्या बादलीतल्या खतपाण्यात, एलईडीखाली लेट्यूस लावलं. दहा दिवसांत मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली, वासही येतो. काय चुकलं? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: पाणी तापलंय. 25 अंशांपुढे पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि मूळकूज करणारं पिथियम माजतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खोलीतलं पाणीही सहज 28-30 अंशांवर जातं. गोठवलेल्या पाण्याची बंद बाटली दिवसातून दोनदा बादलीत सोडा. एअरस्टोन (पंपाची हवा पाण्यात बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र दगड) चोवीस तास चालू हवा. हवेचा पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं, आणि पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. बादलीतून उजेड झिरपला तर शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून काळा रंग द्या.

सडकी मुळं कापा, बादली ब्लीचने धुऊन खळखळून घ्या. नव्या द्रावणात कॅल्शियम नायट्रेट वेगळं विरघळवून घाला. सल्फेट-फॉस्फेटच्या घट्ट द्रावणात ओतलंत तर साका बसतो. पीएच 5.5 ते 6.5, ईसी (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) 0.8 ते 1.2 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर ठेवा. विहीर खाडीकाठची असेल तर खत घालण्याआधी नुसत्या पाण्याचा ईसी मोजा. खारट निघालं तर पागोळ्यांचं पाणी साठवा, कोकणात त्याला काय तोटा! पाणी रोप धरणाऱ्या जाळीच्या कुंडीच्या तळाला जेमतेम टेकू द्या. मुळं लांबली की पाण्याची पातळी दोन-तीन सेंटिमीटर खाली उतरवा.