वाचक विचारतात : घरातली गंमत ऑनलाइन लिहायची, तर...

रोजच्या जगण्यावर आणि छंदांवर विनोदी ऑनलाइन रोजनिशी सुरू करू पाहणाऱ्यांची बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

घरी एखादा प्रसंग सांगितला की सगळे हसतात. तोच लिहून काढला की शाळेतला निबंध होतो. कुठे बिघडतं? (कोथरूड)

सांगताना तुमचा आवाज, चेहरा आणि मधेच घेतलेला दम अर्धं काम करतात. कागदावर ते तिन्ही नसतात. मग लिहिणारा त्यांच्या जागी विशेषणं घालतो आणि तिथेच निबंध सुरू होतो. ‘सोसायटीत पाण्यावरून एकच गोंधळ उडाला. सगळ्यांची तारांबळ झाली. खूप मजा आली.’ यात गोंधळ दिसत नाही, मजाही येत नाही. आता हाच प्रसंग असा लिहून पाहा :

‘गुरुवारी पाणी नाही, असा निरोप बुधवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर आला. अकरापर्यंत दोन पिंपं, चौदा बादल्या, कुकर, इडलीपात्राचा तळ आणि बाबांचा दाढीचा मग भरून झाला. गुरुवारी दिवसभर धो धो पाणी होतं. निरोप होता मागच्या गुरुवारचा.’

मजा, तारांबळ, गोंधळ यांतला एकही शब्द इथे नाही. यादी मोठ्या भांड्यापासून लहानाकडे उतरते आणि सर्वांत हास्यास्पद भांडं शेवटी येतं. दाढीचा मग पिंपांच्या आधी घातलात तर तो वाया जातो. लांब वाक्यानंतर आखूड वाक्य आलं की तुमच्या दम घेण्याची जागा भरून निघते. आणि शेवटचं वाक्य पाहा. ‘निरोप मागच्या गुरुवारचा होता’ हे व्याकरणाला सरळ आहे, पण त्यात ‘होता’ नंतर येतो आणि धक्क्याची धार जाते. क्रियापद आधी आणून ज्या शब्दावर हसू फुटायला हवं तो टोकाला ठेवण्याची सोय मराठीत आहे. ती वापरा, पण प्रत्येक परिच्छेदात नको, नाहीतर वाचक ओळखून बसतो.

त्या शेवटच्या वाक्यापुढे ‘अशी झाली आमची फजिती!’ लिहायचा मोह होईल. तो आवरा. उद्गारचिन्ह आणि हसऱ्या चेहऱ्याची चित्रंही गाळा. स्वतःच्या विनोदावर आधी हसणाऱ्या पाहुण्याला चहाही नाइलाजाने मिळतो.

एक युक्ती नेमाने करून पाहा. प्रसंग घरच्यांना सांगताना फोनवर रेकॉर्ड करा. नंतर ऐकताना हसू कुठे फुटलं तिथे खूण करा. लिहिताना त्या जागेआधीचं किमान एक तृतीयांश कापा, कारण सांगणारे आपण सगळेच प्रस्तावना फार लांबवतो. जीबोर्ड या गूगलच्या फोन-कळफलकाच्या मराठी व्हॉइस टायपिंगवर थेट बोलूनही कच्चा मसुदा निघतो. विरामचिन्हं मात्र बहुतेक हातानेच घालावी लागतात.

आणि टिपण त्याच दिवशी करा. वेळ, आकडा आणि समोरच्याचं वाक्य जसंच्या तसं, एवढं तीन ओळींत पुरतं. दोन दिवसांनी ‘चौदा बादल्या’ आठवत नाहीत, ‘बऱ्याच बादल्या’ आठवतात, आणि ‘बऱ्याच’वर कोणी हसत नाही.

पुण्यावर विनोद करायला विषय भरपूर आहेत. तेच घेऊ का? (शनिवार पेठ)

दुपारी एक ते चार, दारावरच्या पाट्या, स्कार्फ बांधून स्कूटर चालवणाऱ्या मुली आणि पत्ता विचारल्यावर मिळणारं उत्तर, हे चार विषय पहिल्या वर्षी तरी बंद ठेवा. वाचकाला ते तुमच्याआधी पाठ आहेत. सासू-सून आणि नवऱ्याचा स्वयंपाक यांनाही तोच नियम. तुमच्याच जिन्यात, तुमच्याच बसस्टॉपवर घडलेलं काही असेल तर ते शहराच्या नावाशिवायही चालतं. मंडईतल्या भाजीवालीने तुम्हाला दिलेलं उत्तर लिहा. ‘मंडईतल्या भाजीवाल्या कशा असतात’ ते लिहू नका.

फुकटात आणि कमी खटपटीत सुरू करायचं आहे. नेमकं काय करू? (सहकारनगर)

ब्लॉगर घ्या. ऑनलाइन रोजनिशी, म्हणजे ब्लॉग, फुकट लिहिता येणारी ही सेवा 1999 मध्ये सुरू झाली, 2003 पासून गूगलकडे आहे आणि जीमेलच्या खात्यावर चालते. ब्लॉग उघडताना त्याचं मराठी नाव देवनागरीत द्या. त्याचा इंटरनेटवरचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत लागतो. तो फोनवर सांगता येईल इतका सोपा ठेवा. जिथे ‘ee’ की ‘i’ असा प्रश्न पडेल तो शब्दच पत्त्यात नको. आडनाव आणि जन्मसाल यांचीही पत्त्याला गरज नाही.

सेटिंगमध्ये भाषा मराठी करा. वाचक कोण असावेत या पर्यायात सुरुवातीला निवडक लोकच ठेवा, म्हणजे चार ओळखीच्यांना दाखवून दुरुस्त्या करता येतात. नंतर तेच सेटिंग सर्वांसाठी खुलं करायचं. प्रतिक्रिया आधी तुमच्याकडे मंजुरीला येतील असं ठेवा. कर्ज आणि लॉटरीच्या जाहिराती टाकणारे सर्वांत आधी येतात.

एक अडचण हमखास येते. शीर्षक निव्वळ देवनागरीत असेल तर ब्लॉगर लेखाच्या पत्त्यातून ती अक्षरं गाळतो आणि प्रत्येक लेखाचा पत्ता सारखाच, फक्त पुढचा आकडा वेगळा, असा होतो. म्हणून प्रसिद्ध करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये, म्हणजे लेखाच्या कायमच्या पत्त्यात, रोमन लिपीत दोन-तीन शब्द घाला. प्रसिद्ध केल्यावर ते बदलत नाहीत. वर्डप्रेस या तशाच दुसऱ्या सेवेवर उलटं होतं : देवनागरी राहते, पण पत्ता कॉपी केला की एकेका अक्षराच्या आणि मात्रेच्या जागी टक्क्याच्या चिन्हांसह नऊ-नऊ खुणा उमटतात. दहा अक्षरांचं शीर्षक व्हॉट्सॲपवर पाठवलं की चार ओळींचा कचरा दिसतो. तिथेही पत्ता आधीच रोमनमध्ये करून घ्या.

वर्डमधून मजकूर आणताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबून चिकटवा. नुसतं चिकटवलं तर वर्डची लपलेली सजावट सोबत येते आणि अर्धा लेख लहान, अर्धा मोठा दिसतो. मजकूर डावीकडून सरळ ठेवा. दोन्ही कडा जुळवल्या की फोनवर शब्दांत भगदाडं पडतात, कारण आपले शब्द लांब आणि पडदा अरुंद. दोन ओळींतलं अंतर अक्षराच्या दीडपटीहून थोडं जास्त हवं, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात.

‘कैऱ्या’ लिहिताना ‘कैर्या’ होतं. शिवाय जुने लेख उघडले की अगम्य अक्षरं दिसतात. (धायरी)

‘ऱ्य’साठी वेगळा ऱ लागतो. संगणकावर इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरवलेला, कळफलक असेल तर शिफ्ट-जे, मग डी, मग तिरकी रेघ. तसंच ‘ॲ’ हे एकच अक्षर म्हणून टाइप करा. ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन केलेलं दिसतं तसंच, पण शोध घेताना ‘ॲसिडिटी’ सापडत नाही.

जुने लेख श्रीलिपीसारख्या, छपाईच्या मांडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असणार. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसेल तर मूळ रोमन खुणा उघड्या पडतात. फॉन्ट परिवर्तकातून, म्हणजे अक्षरं बदलून देणाऱ्या साधनातून, ते युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत आणा. मग ऱ्हस्व वेलांटी आणि रफार ओळीगणिक तपासा. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षर आलं की परिवर्तक इथेच घसरतो.

गच्चीवरच्या बागेवर लिहायचं आहे. माहिती दिली की विनोद जातो, विनोद केला की माहिती. (पाषाण)

दोन्हींचे परिच्छेद वेगळे ठेवा. आकड्यांच्या आत विनोद कधीही नको. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण (पांढरी, कापसासारखी कीड) आले आणि तुम्ही गमतीने ‘अर्धी बाटली कडुनिंबाचं तेल ओतलं’ लिहिलंत, तर कोणीतरी खरंच ओतेल. तिथे सरळ लिहा : एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1 मिली द्रवरूप साबण. साबण आधी तेलात घोटायचा, कारण त्याशिवाय तेल वर तरंगतं आणि काही पानांवर नुसतं पाणी, काहींवर नुसतं तेल पडतं. फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने. उन्हात तेलाने पानं करपतात. सात-आठ दिवसांनी पुन्हा, कारण कापसासारख्या आवरणातली अंडी पहिल्या फवाऱ्यात वाचतात.

विनोद माणसांवर राहू द्या. रोज सकाळी देवाला फुलं हवीत म्हणून फवारलेल्या झाडाजवळ घुटमळणारे आजोबा, जावयाची विचारपूस करावी तशी ढेकणांची चौकशी करणारे शेजारी. सायकल, शाईची पेनं, टेकडीवरचं पक्षिनिरीक्षण, कोणत्याही छंदाला हे चालतं. फसलेला प्रयोग जरूर लिहा, पण का फसला ते एका वाक्यात सांगा. तेवढ्यासाठी त्याच छंदातला वाचक परत येतो.

सोसायटीच्या सेक्रेटरींवर लिहिलं. नाव नव्हतं, तरी त्यांनी ओळखलं. आता? (सिंहगड रस्ता)

नाव गाळणं पुरेसं नसतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खालची बदनामी नाव न घेताही होऊ शकते. माणूस कोण ते वाचणाऱ्यांना कळलं की झालं. ‘पण ते खरं आहे’ एवढ्याने फौजदारी प्रकरणात सुटका होत नाही, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. तूर्त तो लेख उतरवा आणि त्यांच्याशी बोला.

पुढच्या वेळी माणूसच बदला. पद, मजला आणि ठळक लकब यांतल्या निदान दोन गोष्टी वेगळ्या करा, किंवा दोघांचा एक करा. पैसे, आजारपण, जात आणि मुलांचे मार्क हे विषय दुसऱ्याच्या घरातले घेऊच नका. घरच्यांना मसुदा आधी दाखवा. नकार आला की तो तुकडा गेला, मग तो कितीही जमलेला असो.

फोटोत इमारतीचं नाव, गाडीचा नंबर आणि मुलांचा गणवेश येतो का पाहा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करा, नाहीतर फोटोच्या फाइलीतच घराचा ठावठिकाणा जातो.

किती दिवसांनी लिहावं? (हडपसर)

पंधरवड्याला एक, 400 ते 600 शब्द. पाच लेख तयार झाल्याशिवाय सुरुवात करू नका. पहिले दोन लगेच द्या, उरलेल्यांना पुढच्या तारखा लावून ठेवा. म्हणजे गणपतीत किंवा परीक्षांच्या दिवसांत खंड पडत नाही. महिन्यातून एकदा सेटिंगमधून सगळ्या मजकुराची बॅकअप फाइल उतरवून घ्या. तिच्यात लेख आणि प्रतिक्रिया येतात, फोटो येत नाहीत. ते मूळ आकारात वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि लेखात चढवताना 1200 पिक्सेल रुंदीचे करा.