प्लग कुठाय हो हिच्यात?

प्रश्न : नमस्कार. बँकेतनं रिटायर होऊन चार वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात लेकीकडं इंग्लंडला अडीच महिने राहून आलो. तिच्याकडं प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही आहे, सेकंडहँडच घेतलेली, बॅटरी 12 युनिटची. जावई म्हणाले, पप्पा चालवा की, इथं पण स्टेअरिंग उजवीकडंच आहे. बसलो भीत भीत. बटण दाबलं तर आवाजच नाही, मला वाटलं चालूच झाली नाही, दोनदा बंद करून परत दाबलं, नात मागं बसून हसतीय. रात्री घरातल्या साध्या प्लगला लावायची, सकाळी फुल्ल, मग नातीची शाळा, बाजार, 30-32 किलोमीटर पेट्रोलचा थेंब नाही. फक्त हीटर लावला की कधीकधी इंजिन सुरू व्हायचं, ते काय कळलं नाही. इकडं आल्यावर तसलीच घ्यायची म्हणून शोरूमला गेलो तर तिथला पोरगा म्हणतो, काका आमची हायब्रिड त्याच्या पुढची, चार्जच करायला लागत नाही. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, प्लग लावायला जागाच नाही. हे एकच का वेगळं? घेऊ का? — एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : काका, पोरगं खोटं नाही बोललं, पण अर्धंच बोललं. आपल्याकडं शोरूममध्ये 'स्ट्राँग हायब्रिड' म्हणून जी मिळते तिला बाहेरनं वीज घेताच येत नाही, तिचं सगळं शेवटी पेट्रोलवरच. ब्रेक लावताना जी ताकद वाया जाते ती ती बॅटरीत साठवते आणि सिग्नलवरनं निघताना वापरते, इंजिन चालतं तेव्हा पण त्याला काटकसरीत चालवते, एवढीच जादू. टोयोटानं 1997 ला जपानात प्रियस आणली तेव्हापासनं तत्त्व हेच आहे. उदाहरणार्थ टोयोटाची हायरायडर किंवा मारुतीची ग्रँड विटारा, त्यांच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी 0.76 युनिटची, म्हणजे लेकीच्या गाडीच्या सोळाव्या हिश्श्याएवढी. नुसत्या बॅटरीवर हळू चालवली तर किलोमीटर-दोन किलोमीटर जाते, मग इंजिन जागं होतंच. तुमची इंग्लंडातली गाडी म्हणजे आधी इलेक्ट्रिक आणि मग पेट्रोल. हिचं उलटं.

हीटरचं म्हणाल तर पेट्रोल गाडीत गरम हवा इंजिनच्या उष्णतेतनंच येते, इंजिन गारच असेल तर हीटरसाठी ते सुरू करावं लागतं. काही मॉडेलमध्ये वेगळा इलेक्ट्रिक हीटर असतो, तिथं हा प्रकार होत नाही. साताऱ्यात तुम्हाला हीटर लागणार कधी, जानेवारीत महाबळेश्वरला गेलात तर! आपल्याला एसी लागतो आणि तो या गाड्यांत विजेवरच चालतो. फक्त स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी एवढीशी असल्यामुळं एसी लावून उभं राहिलं की थोड्या थोड्या वेळानं इंजिन आपोआप सुरू-बंद होतं. माझ्याकडं पण स्ट्राँग हायब्रिडच आहे, पहिल्या आठवड्यात बायको दरवेळी दचकायची.

आता खरी प्लग-इन. जगात ती बाजारात पहिल्यांदा आणली चीनच्या बीवायडीनं, 2008 ला. आपल्याकडं बीएमडब्ल्यूनं डिसेंबर 2022 मध्ये एक्सएम आणली ती प्लग-इनच, किंमत तेव्हा 2 कोटी 60 लाख, एक्स-शोरूम. पेन्शनीत बसत असेल तर एक राउंड मला पण द्या. तुमच्या-माझ्या बजेटात मला तरी अजून दिसलेली नाही.

पण उद्या आलीच तर एक गोष्ट आत्ताच डोक्यात ठेवा. तुमच्या जावयांची गाडी छान वाटली कारण त्यांच्या घरात रोज रात्री कोणीतरी आठवणीनं वायर लावतं. 2024 ला युरोपियन कमिशननं रस्त्यावरच्या गाड्यांचा खरा डेटा काढला, तर प्लग-इन गाड्यांचा कार्बन डायऑक्साइड सरासरी कागदावरच्या आकड्याच्या साडेतीन पट निघाला, कारण लोक वाटलं होतं तेवढं चार्जच करत नाहीत. म्हणजे जड बॅटरी पाठीवर घेऊन पेट्रोलवरच पळायचं, बैलगाडीत ट्रॅक्टर टाकून नेल्यासारखं! तेव्हा पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरचा 16 अँपिअरचा सॉकेट आणि नीट अर्थिंग नसेल तर प्लग-इनचा नाद नको. आणि खिडकीतनं एक्स्टेन्शन बोर्ड काढून रात्रभर गाडी लावायची नाही, बोर्ड वितळतो.

घेऊ का विचारलंत. महिन्याला 500 किलोमीटर फिरणार असाल तर स्ट्राँग हायब्रिड पैसे वाचवायला घेऊ नका. साधी पेट्रोल 14 देते, हायब्रिड 21 देते असं धरलं तर वर्षाला दीडशे लिटरच्या आत वाचतं, म्हणजे पंधराएक हजार. गाडीच्या किमतीतला फरक दोन-अडीच लाखाचा असला तर तो फिटेपर्यंत नात ड्रायव्हिंग शिकेल. शांतपणासाठी घ्यायची असेल तर जरूर घ्या. संध्याकाळच्या गर्दीत पोवई नाक्यावरनं राजवाड्यापर्यंत माझी गाडी निम्म्याहून जास्त वेळ मुकीच असते. पुण्याहून येताना खंबाटकी चढताना मात्र मिक्सर लावल्यागत ओरडते, हे पण ऐकून ठेवा. आणि रोजचं फिरणं गावातलंच, घर स्वतःचं, पार्किंग खाली, असं असेल तर सरळ छोटी इलेक्ट्रिक बघा. तुम्हाला इंग्लंडात जे आवडलंय ते खरं म्हणजे तेच आहे.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी स्ट्राँग हायब्रिड घेतली. कासवरनं येताना यवतेश्वर घाट उतरत होतो, पाय ॲक्सिलरेटरवर नाही आणि इंजिन अचानक मोठ्यानं घोंघावायला लागलं. सर्व्हिसवाले म्हणतात नॉर्मल आहे. उतारावर पेट्रोल कसलं पितीय? — एक वाचक, करंजे, सातारा

उत्तर : पीत नाहीये. कास ते सातारा साधारण 500 मीटरचा उतार. माणसं धरून दीड टनाची गाडी एवढी खाली आली की हिशोबानं 2 युनिटच्या आसपास ऊर्जा सुटते, त्यातली बरीचशी टायर आणि वारा खातो, तरी जे उरतं ते 0.76 च्या बॅटरीत मावत नाही. त्यात गाडी बॅटरी पूर्ण शंभर टक्के भरू देत नाही, थोडी जागा राखून ठेवते. मग जास्तीची ताकद घालवायला ती इंजिन नुसतं फिरवते, पेट्रोल न देता, म्हणजे आपलं जुनं सेकंड गिअरमधलं घाट उतरणंच. आवाज त्याचा. गिअरवर 'बी' असेल तर घाटात तो लावा, ब्रेक कमी तापतात. प्लग-इनमध्ये हेच सगळं आरामात मावलं असतं, पण वर डोंगरावरच्या हॉटेलात फुल्ल चार्ज करून निघालात तर तिथं पण जागा नाही. डोंगरावर चार्जिंग अर्धवटच सोडावं.

प्रश्न : हायब्रिडमध्ये दोन बॅटऱ्या असतात हे खरं का? — एक वाचक, कोरेगाव

उत्तर : खरं. मोठी बॅटरी गाडी ओढते आणि एक साधी 12 व्होल्टची असते, कॉम्प्युटर-लाइटसाठी. ती उतरली की मोठी कितीही भरलेली असो, गाडी चालूच होत नाही. मी तीन आठवडे बाहेरगावी होतो, परत आलो तर दरवाजासुद्धा उघडेना, रिमोटच्या आत लपवलेली साधी चावी काढून उघडला. तेव्हा आठवड्यातनं एकदा अर्धा तास गाडी 'रेडी', म्हणजे बटण दाबून चालू, करून ठेवा. आणि मागच्या सीटच्या आसपास बॅटरीला हवा घ्यायची जाळी असते, तिच्यासमोर पिशव्या कोंबू नका. आमच्या गाडीत तिथं पाहुण्यांना न्यायचे कंदी पेढ्यांचे खोके असतात, रोज सांगतो, कोणी ऐकत नाही.