एमएक्स-५: क्रँक शॉर्ट नोज की लाँग नोज?

प्रश्न: न्यू जर्सीत १९९१ ची १.६ लिटरची माझदा मियाटा (म्हणजेच एमएक्स-५) बघतोय, लोक म्हणतात आधी क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) बघ. इंजिन न खोलता कळेल का?

उत्तर: कळतं की! बॉनेट उघडा, टॉर्च घेऊन खाली क्रँक पुलीकडे, म्हणजे क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या चाकाकडे बघा. मधल्या मोठ्या बोल्टभोवती खाचा दिसतील, चार असल्या तर शॉर्ट नोज, आठ असल्या तर लाँग नोज. कागदावरच्या वर्षावर जाऊ नका, बदल १९९१ मध्येच मधे कधीतरी झालाय आणि इतक्या वर्षांत इंजिनही बदललेलं असू शकतं, म्हणून खाचाच मोजा.

शॉर्ट नोजची भानगड अशी की पुढचं टोक आखूड, टायमिंग बेल्ट बदलताना बोल्ट नीट टॉर्कला (ठरलेल्या जोराने) आवळला नाही की कीवे, म्हणजे क्रँकच्या टोकावरची किल्ली बसायची खाच, झिजतो, मग टायमिंग सरकतं आणि गाडीचा दमच जातो. इंजिन चालू ठेवून पुली बघा, डुलत असेल तर सौदा सोडा, किंवा क्रँकचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. कीवे थोडाच झिजलेला असेल तर लॉकटाइट ६६० (धातूतली फट भरणारा गोंद) लावून वाचवतात लोक, पण ते काम धीराने करणाऱ्या माणसाकडेच द्या. पुली सरळ फिरत असेल तर नुसतं शॉर्ट नोज आहे म्हणून इतकी गोड गाडी अजिबात सोडू नका.